बर्फवाल्याचा डावा पाय

आमच्या भाऊजींना बघून लोक रस्ता बदलायचे. तसा माणूस अगदी साधा. भांडण नाही, व्यसन नाही, आवाज चढवणं नाही. दिसायलाही बरे होते. माझ्या ताईनं स्वतः पसंत केलेले, आणि ताईला सहसा काहीच पसंत पडत नाही. पण ते बर्फाच्या कारखान्यात कामाला होते. वस्तीत कोणी गेलं आणि लांबचे नातेवाईक येईपर्यंत थांबायचं असलं, की मृतदेहाखाली ठेवायला बर्फाच्या लाद्या लागायच्या. त्या पोचवायचं काम भाऊजींकडे होतं. हातगाडीवर लाद्या, त्यांच्यावर भुसा, वर गोणपाट. दारासमोर गाडी लावायची, टोपी काढायची आणि हळूच विचारायचं, कुठल्या खोलीत.

त्यामुळे भाऊजी दारात आले म्हणजे घरात कोणीतरी गेलं, हे शेंबड्या पोरांनासुद्धा पाठ झालं होतं. रिकामी गाडी घेऊन गल्लीतून नुसते जात असले तरी ज्यांच्या घरी सासरा अंथरुणाला खिळलेला, त्या बायका दार लोटून घ्यायच्या. लग्नाचं, बाप्तिस्म्याचं बोलावणं यायचं ते ताईच्या नावानं, आणि ताई एकटीच जाऊन यायची. मला या सगळ्याचा संताप यायचा. भाऊजींना तो येत नाही, याचा तर त्याहून जास्त. मी चिडले की ते हसायचे आणि म्हणायचे, "अगं धाकटे, लोक बर्फाला घाबरतात, मला नाही."

चर्चमध्येही ते मागच्या दाराशी उभे राहायचे. बाकं हलवायची, सणाला मांडव बांधायचा, पुतळे उचलायचे, तेव्हा त्यांना पुढे बोलावत. मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, सुरू झाली की ते आपले पुन्हा दाराशी. कपड्यांना कारखान्यातल्या अमोनियाचा वास यायचा, तो धुऊनही जात नव्हता. मी लॉंड्रीत इस्त्री करते. त्यांचे शर्ट मी स्वतः गरम पाण्यात उकळून पाहिलेत, म्हणून सांगते.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी आमच्या चर्चमध्ये बारा जणांचे पाय धुतात. येशूनं शेवटच्या जेवणाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. वेदीसमोर लांब बाक मांडतात, त्यावर बारा पुरुष बसतात, आणि फादर गुडघ्यावर बसून एकेकाचा पाय धुतात, पुसतात, त्याला ओठ लावतात. हे बारा जण कमिटी ठरवते. कमिटीचे मुख्य आमच्या वस्तीतले कापडवाले. त्यांनी ठरवायचं म्हणजे दरवर्षी शिक्षक, दुकानदार आणि बँकेतले साहेब. पाय धुऊन घ्यायलाही वशिला लागतो, असं मी एकदा मोठ्यानं म्हटलं होतं, तेव्हा ताईनं मला चिमटा काढला होता.

या बारा जणांची एक गंमत होती. चर्चमध्ये पाय धुतले जायच्या आधी ते घरी पाय असे काही घासून येत की विचारू नका. टाचा दगडानं घासलेल्या, नखं कापलेली, वर पावडर. आणि तेही एकच पाय. कारण जुने फादर फक्त उजवा पाय धुवायचे. का, ते कोणाला ठाऊक नाही. बारा जणांचे दोन्ही म्हटलं तर उशीर होतो म्हणून असेल. डावा आपला बुटातच. कापडवाल्यांची उजवी टाच लहान बाळाच्या गालासारखी मऊ आणि डाव्या बुटावर अंगणातला चिखल, हे मी दुसऱ्या रांगेतून माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्या वर्षी जुने फादर बदलून गेले आणि नवे आले. वयानं तरुण, डोळ्यांत चमक, बोलताना हात हलवायची सवय. त्यांनी कमिटीला सांगितलं, की या वेळी एक तरी कष्टकरी माणूस बाकावर बसवा. राखेच्या बुधवारी सकाळी सगळ्यांच्या कपाळाला राख लागली, उपवासकाळ सुरू झाला, आणि संध्याकाळी कापडवाले ताईच्या घरी आले. मी तिथेच होते. त्यांना दारात पाहताच भाऊजी उठले, खुंटीवरची टोपी घेतली आणि विचारलं, "कोण गेलं?"

कापडवाले गडबडले. कोणी गेलं नाही म्हणाले, आणि मग घसा खाकरून निरोप सांगितला. भाऊजींना तो दोनदा सांगावा लागला. टोपी हातातच राहिली होती. कापडवाले चहा न घेता गेले, तरी भाऊजी दाराकडे बघून मान डोलावत होते.

त्या दिवसापासून त्यांच्या अंगात काही वेगळंच वारं आलं. त्यांना साखरेचा आजार होता. डॉक्टरनं गोड बंद करा म्हणून किती वेळा बजावलं होतं, पण हा गृहस्थ चहात साखर घालायचा की साखरेत चहा, अशी आमची थट्टा चालायची. आता उपवासकाळाचं निमित्त करून त्यांनी साखर सोडली. वर मलाच ऐकवलं, डॉक्टर काय, कोणालाही सांगतो, पण देवासाठी सोडली की सुटते. मी म्हटलं, देवानं आधीच सांगायला हवं होतं. ते खूप हसले. ते हसणं मला अजून ऐकू येतं आणि मग मी इस्त्री जरा जोरात दाबते.

डाव्या पायाला जखम कधी झाली ते त्यांनाही नक्की सांगता आलं नाही. कारखान्यात मिठाच्या पाण्याच्या टाक्या, त्यात बुडवलेले पत्र्याचे डबे, जमिनीवर सदा पाणी. त्या पाण्यात एखाद्या फुटक्या पेटीचा खिळा पडला असेल. तो गमबुटाच्या तळातून आत शिरला आणि अंगठ्याखाली रुतून बसला. दुखलं असतं तर पाहिलं असतं. पण दुखलंच नाही. बर्फात उभं राहणाऱ्याचे पाय बधिर असतातच, असं ते कितीतरी वर्षं धरून चालले होते. तो बधिरपणा बर्फाचा नव्हता, साखरेचा होता, हे पुढे डॉक्टरनं सांगितलं. तेव्हा सांगून उपयोग नव्हता.

ताईला दिसली ती रक्तानं कडक झालेली पट्टी, पलंगाखाली कोंबलेली. तिनं पाय बघायला मागितला. त्यांनी दाखवला. मग ताईनं घर डोक्यावर घेतलं. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला म्हणाली, रडली, जेवण टाकून बसली. भाऊजी एवढंच म्हणत राहिले, की दवाखान्यात गेलो तर ठेवून घेतील, आणि ठेवून घेतलं तर गुरुवारी बाकावर दुसराच कोणी बसेल. जखम डाव्या पायाला आहे, धुतात उजवा, मग अडचण काय? एकदा गुरुवार होऊ दे, शनिवारी सकाळी स्वतः चालत येतो. ताई ऐकेना, तेव्हा ते असं काही बोलले की तिनं हट्ट सोडला. हे ताईनं मला नंतर सांगितलं.

"एकदाच गं," ते म्हणाले होते. "कोणी मेलेलं नसताना लोकांनी एकदा माझ्याकडे बघू दे."

मग ताई रोज घरीच पट्टी बदलू लागली. कोणाला सांगायचं नाही, असं त्यांनी तिच्याकडून वचन घेतलं होतं, मलासुद्धा नाही. मला दिसायचं ते लंगडणं. विचारलं की म्हणायचे, बूट चावतो. जखमेला वास येऊ लागला, तोही कोणाला कळला नाही. त्यांच्या अंगाला वास असतोच, हे सगळ्यांनी केव्हाच मान्य केलं होतं.

गुरुवार आला. मी चर्चचे बारा पंचे इस्त्री करून, घड्या घालून दिले होते. घंटा वाजल्या, त्या दिवशी एकदा वाजल्या की शनिवारच्या रात्रीपर्यंत गप्प होतात. भाऊजींनी माझ्या हातचा इस्त्रीचा शर्ट घातला होता, केस चापून बसवले होते, आणि बाकाच्या अगदी टोकाला ते बसले होते. पाठ ताठ. लोक बघत होते. ज्या बायका त्यांना पाहून दार लोटायच्या, त्यासुद्धा मान उंच करून बघत होत्या. खरं सांगते, मलाही अभिमान वाटला. ताई माझ्या शेजारी होती, आणि ती बाकाकडे का बघत नव्हती ते मला कळत नव्हतं.

नव्या फादरांनी घंगाळं पुढे ओढलं, पहिल्या माणसासमोर गुडघे टेकले, आणि त्याचा उजवा पाय धुऊन झाल्यावर हसून म्हणाले, "आता दुसरा."

बाकावर एकदम चुळबूळ झाली. हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. कोणाच्या मोज्याला भोक, कोणाची नखं वाढलेली. कापडवाले तर पार कानापर्यंत लाल झाले. पण चर्चमध्ये नाही कसं म्हणणार? एकेक डावा बूट निघू लागला. मागच्या बाकांवर थोडं हसू फुटलं, मलाही आलं. तेवढ्यात ताईनं माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की नखं रुतली. मी तिच्याकडे पाहिलं आणि माझं हसणं थांबलं.

फादर शेवटी भाऊजींपाशी आले. उजवा पाय धुतला, पुसला, ओठ लावले. मग वर बघून म्हणाले, "आता दुसरा, काका."

भाऊजींनी डावा पाय बाकाखाली ओढून घेतला. "नको, फादर," ते म्हणाले. "तो नको."

फादर त्यांच्याकडे बघत राहिले आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. येशूचा शिष्य पेत्र, त्यानंही असंच नको म्हटलं होतं. गुरूनं आपले पाय धुवावेत हे त्याला सहन झालं नव्हतं. ती गोष्ट दर वर्षी या गुरुवारी वाचली जाते, थोड्याच वेळापूर्वी वाचली गेली होती, आणि आता ती आपल्यासमोर घडते आहे असं फादरांना वाटलं. सगळ्यांनाच वाटलं. कोणीतरी नाक ओढलं. येशूनं पेत्राला समजावलं तसं फादरांनी एकदा समजावून पाहिलं. भाऊजींनी नुसती मान हलवली, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. फादरांनाही भरून आलं. त्यांनी हात जोडले, त्या बुटावर कपाळ टेकवलं आणि उठले.

त्या पायाला उघडं पडायची ती एकच संधी होती. बूट निघाला असता तर चर्चमध्ये आरडाओरडा झाला असता, शरमेनं मान खाली गेली असती, आणि तासाभरात ते दवाखान्यात असते. त्याऐवजी आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला भक्ती म्हटलं. त्या बुटाला टेकलेल्या कपाळापासून जखम बोटभर अंतरावर होती, आणि फादरांना वास आला असेल तर तो त्यांनी कारखान्याचा समजला.

बाहेर पायऱ्यांवर लोकांनी भाऊजींना घेरलं. कापडवाल्यांनी खांद्यावर हात टाकला आणि आजपासून तुमचं नाव पेत्र म्हणाले. एका बाईनं आपलं तान्हं मूल त्यांच्या हातात दिलं. बर्फवाल्याच्या हातात मूल! भाऊजी ते मूल धरून उभे होते, सगळा भार उजव्या पायावर टाकून, आणि इतके आनंदात होते की ताईला तिथे काही बोलवेना. घरी जाताना तिनं मला सगळं सांगितलं. मी त्याच पावली भाऊजींच्या मागे लागले. ते म्हणाले, आता एकच दिवस. उद्या शुक्रवार, उद्या येशू क्रूसावर जातो आणि पेत्रानं दवाखान्यात जायचं? त्यांनी हे चेष्टेत म्हटलं होतं. मग शुक्रवारी क्रूसाच्या वाटेच्या मिरवणुकीत ते सगळ्यात पुढे चालले. लोकांनीच त्यांना पुढे घेतलं होतं, नाही म्हणायची सोय उरली नव्हती.

शनिवारी सकाळी ठरल्याप्रमाणे ते चालत काही आले नाहीत. अंग भाजत होतं, बोलणं असंबद्ध झालं होतं, आणि पाय घोट्यापर्यंत काळा होता. त्यांच्याच हातगाडीवर घालून आम्ही दोघी बहिणींनी त्यांना दवाखान्यात नेलं. वाटेत लोकांना वाटलं, बर्फ चाललाय. सवयीनं दोन दारं बंद झाली. डॉक्टरनं पट्टी सोडली, ताईकडे पाहिलं आणि विचारलं, इतके दिवस काय करत होता? ताईनं खरं काय ते सांगितलं असतं तरी त्याला कळलं नसतं. संध्याकाळी पाय गुडघ्याखालून कापला.

ईस्टरच्या सकाळी सगळ्या घंटा एकदम वाजायला लागल्या, त्या दवाखान्याच्या खिडकीतूनही ऐकू येत होत्या. भाऊजींना दुपारच्या सुमाराला नीट शुद्ध आली. त्यांनी चादरीखाली हात घालून चाचपलं. ते रडले नाहीत. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "धाकटे, पाय कुठंय?"

मी म्हटलं, भाऊजी, तो काढला. त्यांनी मान हलवली. ते त्यांना कळलं होतं. त्यांना विचारायचं होतं ते वेगळंच. दर रविवारी आपण सगळे उभे राहून म्हणतो की मेलेल्यांची शरीरं पुन्हा उठतील. मग तो पाय मातीत जायला हवा, त्यांच्या आईबापाच्या थडग्यात, म्हणजे त्या दिवशी शोधाशोध नको. फादरांना सांग, आणि तोवर त्याला बर्फावर ठेव, भुसा घालून, बर्फ लवकर वितळू देऊ नकोस. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मेलेल्यांची काळजी घेतलेला माणूस ते, आपल्या पायाचीही त्याच पद्धतीनं घेत होते.

मी दवाखान्याच्या तळघरात गेले, कापलेले अवयव तिथे नेतात. तिथल्या माणसानं माझं म्हणणं ऐकून घेतलं. वाईट नव्हता तो. म्हणाला, बाई, घरच्यांनी आधी सांगितलं नाही तर आम्ही ठेवत नाही. आज सकाळीच भट्टी पेटली. मी विचारलं, राख तरी? त्यानं मान हलवली. सगळ्यांची एकच असते, ती गाडी घेऊन गेली. तिथून वर यायच्या जिन्यावर मी बसले आणि देवाला जे काही बोलायचं ते बोलले. ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याच्या पुनरुत्थानाच्या सकाळी त्याला तेवढा एक पाय सांभाळता आला नाही, एवढंच त्यातलं लिहिण्याजोगं.

वर गेले तर फादर पलंगाशी उभे होते. मिस्सा आटोपून धावत आले होते, अंगावर अजून सणाचे पांढरे कपडे. ताईनं त्यांना सगळं सांगितलं असावं, कारण त्यांचे हात खाली लोंबत होते; पहिल्यांदाच मी त्यांचे हात न हलताना पाहिले. मी भाऊजींना खोटं सांगणार होते. पण त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. इतकी वर्षं मृत्यूच्या घरात शिरताना माणसांचे चेहरे वाचायची सवय होती त्यांना.

"जाळला?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. फादर घाईनं म्हणाले, देवाला राखेतूनही सगळं उभं करता येतं, तो नवं शरीर देईल, याहून चांगलं देईल. भाऊजींनी त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"नवं नको होतं, फादर," ते म्हणाले. "राखेच्या बुधवारी तुम्ही राख लावलीत, तेव्हा वाटलं कपाळापुरतीच आहे."

फादर स्टुलावर बसले आणि मुलासारखे रडू लागले. त्यांना समजावायची पाळी भाऊजींवर आली. मला तेव्हा कोणाचीच दया येत नव्हती.

या गोष्टीला आता वर्ष झालं. कारखान्यानं दुसरा माणूस ठेवला. मेलेल्यांच्या घरी तो बर्फ नेतो आणि त्याला बघून लोक दारं लावतात. भाऊजींना आता कोणी घाबरत नाही. पेत्र हे नाव महिनाभर चाललं, मग कोणाच्या तोंडी राहिलं नाही. मधुमेही माणसाचा उरलेला पाय जपायचा असतो, म्हणून ताई रोज संध्याकाळी कोमट पाण्यात तो धुते, बोटांच्या मधे बघते, टाच उजेडाकडे फिरवते. डॉक्टरनं आधीच सांगून ठेवलं आहे, की यालाही फार दिवस नाहीत. ताई तरी धुते. भाऊजी त्या वेळी भिंतीकडे बघत बसतात.

परवा पुन्हा तो पाय धुण्याचा गुरुवार होता. सकाळी कापडवाले येऊन गेले. नव्या फादरांनी पुन्हा जुनी रीत धरली आहे, फक्त उजवा पाय. या वर्षीही तुम्ही बसा, एकाच पायाचं काम आहे, असं ते दारातूनच म्हणाले. चांगल्या मनानंच म्हणाले. भाऊजींनी नमस्कार केला आणि येत नाही म्हणून सांगितलं.

संध्याकाळी घंटा वाजून गप्प झाल्या. मी बारा पंचे चर्चमध्ये पोचवून ताईकडे आले, तेव्हा ती घंगाळं घेऊन भाऊजींसमोर खाली बसली होती. उजवा पाय धुऊन झाला, पुसून झाला. ती दिवसभर लोकांच्या घरची भांडी घासून आलेली, दमलेली. तिचं लक्ष नव्हतं. पंचा खांद्यावर टाकून, पाण्यात हात घालत ती म्हणाली, "आता दुसरा."

म्हटल्यावर तिला कळलं आणि ती तशीच थिजून बसली. मीही दारात थांबले. भाऊजींनी भिंतीवरून नजर काढली आणि घंगाळ्यातल्या पाण्याकडे पाहिलं.

"मागितला होता त्यांनी," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर मागितला होता. तेव्हाच द्यायचा होता."

ताईनं घंगाळं उचललं आणि पाणी मोरीत ओतून दिलं.